दोन लेझर 'एकत्र' सोडतात म्हणजे नक्की काय करतात?

खूणगाठ

माझ्या जबड्यापासून मानेपर्यंत जन्मखूण आहे. डॉक्टरी भाषेत 'पोर्ट वाइन स्टेन', म्हणजे त्वचेतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या कायमच्या फुगलेल्या. आतापर्यंत आठ वेळा पिवळा लेझर झाला (यंत्रावर ५९५ नॅनोमीटर असं वाचलं). पहिल्या चार-पाच वेळांत फरक पडला, मग गाडी अडली ती अडलीच. आता डॉक्टर म्हणतात, दोन लेझर एकत्र देऊ, ५९५ आणि १०६४. जबड्याखालच्या लहानशा तुकड्यावर एकदा करूनही पाहिलं.

झालं असं की आधी गार फवाऱ्याचा फुस्स, मग रबरबँड ताणून सोडल्यासारखा फटका (हा ओळखीचा), आणि लगेच पाठोपाठ दुसरा, जरा खोल, आतून गरम. त्याआधी, डोळ्यांवर धातूची झाकणं घालायच्या आत, हाताच्या पंजावर एक लाल ठिपका पडलेला दिसला. म्हणजे तिसराही लेझर आहे की काय?

'एकत्र' म्हणजे एकाच वेळी, एकाच जागी ना? मग मला दोन फटके वेगवेगळे का जाणवले? आणि दोन जोडण्यापेक्षा एकच दणकट लेझर का घेत नाहीत? डॉक्टरांनी समजावलं होतं, पण तेव्हा माझं निम्मं लक्ष त्या फवाऱ्याकडे होतं. जाणकारांनी सांगावं.

गप्पच_बरी

वाचतेय. केस काढायच्या यंत्रावर 'तीन लेझर एकात' असं लिहिलेलं पाहिलंय, त्याबद्दलही कुणी लिहा.

आरसेमहाल

लाल ठिपक्यापासून सुरुवात करतो, कारण माझं पोट त्यावर चालतं. दवाखान्यातल्या लेझर यंत्रांची दुरुस्ती करतो.

तो ठिपका नेमबाजीचा. उपचाराचे बहुतेक लेझर डोळ्यांना दिसतच नाहीत. तुमचा १०६४ वाला अवरक्त, दिसणार नाही (हे आकडे तरंगलांबीचे, म्हणजे प्रकाशाचा रंग सांगणारे). कार्बन डायऑक्साइड लेझर (बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी १९६४ साली केला तो) १०,६०० नॅनोमीटरचा, तोही दिसत नाही. न दिसणाऱ्या सुरीने कापायचं म्हणजे आंधळी कोशिंबीर. म्हणून त्याच्याच वाटेवर एक मिणमिणता लाल झोत सोडतात. पूर्वी हीलियम-निऑनचा, ६३३ नॅनोमीटरचा असायचा. आता लेझर पॉइंटरमध्ये असतो तसा डायोड असतो.

दोघांना एका वाटेवर आणणारा तो द्विरंगी आरसा. एक रंग आरपार जाऊ द्यायचा, दुसरा परतवायचा, एवढंच त्याचं काम. मुख्य झोत मागून येतो आणि सरळ जातो, लाल बाजूने येतो आणि वळून त्याच्यात मिसळतो. दिसायला बटणाएवढी काच, पण यंत्रातलं सगळ्यात नाजूक दुखणं तिथंच असतं.

एक प्रसंग सांगतो. एका दवाखान्यात (नाव नको) स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेसाठी कार्बन डायऑक्साइड लेझर सूक्ष्मदर्शकाला जोडलेला होता. यंत्र या खोलीतून त्या खोलीत ढकलत नेताना उंबऱ्याला दणका बसला. लाल ठिपका झकास दिसत होता, त्यामुळे कुणाला शंका नाही. तिथल्या परिचारिकेची एक जुनी सवय होती. रोज सकाळी जीभ दाबायची लाकडी पट्टी ओली करायची, लाल ठिपका तिच्यावर धरायचा आणि एक फटका मारायचा. त्या दिवशी ठिपका एकीकडे आणि जळका डाग दुसरीकडे. मी पोचलो तेव्हा पट्टी जपून ठेवली होती. मोजलं, पाऊण मिलिमीटरच्या वर फरक. द्विरंगी आरशाच्या बैठकीचा एक स्क्रू सैल झाला होता. ४०० मिलिमीटर अंतरावर नेम धरायचा असेल तर झोत दोन मिलिरेडियन (मीटरभर अंतरावर दोन मिलिमीटर) चुकायला आरसा फक्त एक मिलिरेडियन हलावा लागतो. पाऊण मिलिमीटर म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण स्वरतंतूवर तेवढ्यात आवाज जातो.

हाताचे (म्हणजे यंत्राच्या सांधेवाल्या दांड्याचे) आरसे बिघडले तर दोन्ही झोत जोडीनं भरकटतात, ते लगेच कळतं. जोडणीचा आरसा बिघडला तर दोघांची फारकत होते, आणि ती नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

मिश्किल_मामा

म्हणजे बोट एकाचं आणि गोळी दुसऱ्याची. आमच्या कार्यालयाची आठवण झाली.

अपवर्तन

आरसेमहाल, प्रतिसाद आवडला. एक पुरवणी जोडतो. स्क्रू घट्ट असला तरी भिंगात दोघांची थोडी फारकत होतेच. कार्बन डायऑक्साइड लेझरची भिंगं झिंक सेलेनाइडची. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो तो आकडा) १०.६ मायक्रॉनला, म्हणजे १०,६०० नॅनोमीटरला, २.४० च्या आसपास, लाल रंगाला २.५९ च्या आसपास. नाभीय अंतर (भिंगापासून झोत सगळ्यात बारीक होतो त्या नाभीपर्यंतचं) 'अपवर्तनांक वजा एक' याच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे लालचा नाभीबिंदू सुमारे १२ टक्के अलीकडे येतो. १२५ मिलिमीटरच्या भिंगात हा फरक दीड सेंटिमीटरच्या घरात जातो. लाल ठिपका सगळ्यात बारीक दिसेल तिथं हात थांबवला, तर खरा लेझर अजून पसरटच असतो.

आरसेमहाल

बरोबर. म्हणूनच हातात धरायच्या नळीच्या तोंडाशी ती धातूची काडी असते. नवशिके म्हणतात, मधे मधे येते, काढून टाका. तिचं टोक जिथं टेकतं तिथं खरी नाभी. ठिपका बाजू दाखवतो, खोली काडी दाखवते. सूक्ष्मदर्शकाच्या बऱ्याच जोडण्यांत भिंगाऐवजी आरशानं केंद्रित करतात, तिथं ही भानगडच नाही. आरशाला सगळे रंग सारखेच.

त्वचावेध

मी त्वचारोगाचं काम करते. खूणगाठ ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते.

तुमच्या यंत्रात दोन्ही लेझर एकाच नळीतून, एकाच जागी पडतात, पण एकाच वेळी नाही. आधी ५९५, मग सेकंदाचा काही भाग थांबून १०६४. तुम्हाला दोन फटके जाणवले कारण ते दोनच होते. ते मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यातच सगळी गंमत आहे.

१९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेलं तत्त्व असं, की ज्या रंगद्रव्याला तो रंग आवडतो तेच तापेल असा रंग निवडायचा, आणि ते गार व्हायच्या आत फटका संपवायचा. मग शेजारी होरपळत नाहीत. रक्तातलं हीमोग्लोबिन पिवळा प्रकाश भरपूर शोषतं, म्हणून ५९५. पण तो प्रकाश त्वचेत फार खोल जात नाही. वरच्या बारीक वाहिन्या बंद होतात, खालच्या जाड्या तशाच राहतात. तुमची गाडी अडली ती बहुधा इथंच.

१०६४ खोल जातो, पण त्याला रक्ताची फारशी ओढ नाही. एकटा वापरायचा तर ऊर्जा इतकी वाढवावी लागते की आजूबाजूची त्वचा पोळते. इथं पहिला फटका कामाला येतो. ५९५ नं रक्त तापलं की हीमोग्लोबिनचा काही भाग मेथहीमोग्लोबिनमध्ये बदलतो आणि बारीक गुठळ्याही धरतात. मेथहीमोग्लोबिन १०६४ ला साध्या हीमोग्लोबिनपेक्षा काही पट जास्त शोषतं. पहिल्या लेझरनं दुसऱ्यासाठी भक्ष्य तयार करून ठेवायचं, असा हा डाव. म्हणून दुसऱ्याची ऊर्जा एरवीपेक्षा कमी पुरते.

हीच धोक्याचीही जागा. एकट्या १०६४ ची सवय असलेल्यानं तोच आकडा या जोडीत वापरला तर खोल भाजतं आणि व्रण राहतो. पिवळ्या लेझरनंतर जांभळट काळवंडणं अपेक्षित असतं. राखाडी छटा आली आणि गेली नाही, तर तिथंच हात थांबवायचा.

शंकासुर

डॉक, हे पटलं. पण सगळीकडे एवढा विचार असतो यावर माझा विश्वास नाही. 'तीन तरंगलांबी एकाच वेळी' ही केस काढायच्या यंत्रांची जाहिरात मला निव्वळ आकड्यांची आरास वाटते. एक लेझर चांगला असेल तर तो पुरेसा का नाही? आणि नसेल, तर दोन अपुरे मिळून पुरे कसे होतात?

गप्पच_बरी

मी हेच विचारलं होतं, फक्त सभ्यपणे.

त्वचावेध

शंकासुर, केसांच्या बाबतीत निम्मी सहमत. ७५५ ला केसातलं मेलॅनिन (काळं रंगद्रव्य) चांगलं शोषतं, ८०८ मधला, १०६४ खोल जातो आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या मेलॅनिनला कमी भाजतो, म्हणून सावळ्या-काळ्या त्वचेला तो सुरक्षित. तिघांनाही आपापली जागा आहे. पण तिन्ही एकदम सोडले की आधीच्या प्रतिसादातला डाव इथं नसतो. एक दुसऱ्यासाठी काही तयार करून ठेवत नाही. डायोडच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, नीलमण्याच्या गार टोकातून प्रकाश एकत्र बाहेर येतो. पडद्यावर समजा दर चौरस सेंटिमीटरला १० जूल दिसले, तर ती तिघांची बेरीज. त्यात ७५५ चा वाटा किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. गडद त्वचेला तोच वाटा महत्त्वाचा, कारण भाजलं तर त्यानंच.

म्हणून विचारायचा प्रश्न 'किती लेझर' हा नाही, 'कुणाचा वाटा किती' हा.

मिश्किल_मामा

आघाडी सरकारलाही हाच प्रश्न लागू.

संपादक_२

राजकारण नको. धागा छान चाललाय.

अपवर्तन

'एकच दणकट का घेत नाहीत' याला भौतिकशास्त्राचं उत्तर थोडं कडू आहे.

समजा १० वॉटचे दोन अगदी सारखे लेझर आहेत, रंग एकच. दोन्ही झोत एकावर एक तंतोतंत बसवून २० वॉटचा तितकाच बारीक झोत हवा. जमत नाही. अर्धपारदर्शक आरसा मधे ठेवलात तर प्रत्येकाचा अर्धा भाग भलतीकडे निघून जातो. शेजारी शेजारी ठेवलेत तर वॉट दुप्पट होतात, पण झोतही जाडावतो. प्रखरता आहे तेवढीच राहते. हा तंत्रज्ञांचा आळस नाही, निसर्गाचा नियम आहे. तसं जमलं असतं तर थंड दिवे एकत्र करून त्यांच्याहून तापलेली वस्तू करता आली असती.

पळवाटा आहेत. एक, ध्रुवीकरण, म्हणजे लाट कुठल्या दिशेत थरथरते ते. एकाचं आडवं, दुसऱ्याचं उभं असेल तर एक खास घनाकृती काच दोघांना एका वाटेवर आणते. पण दिशा दोनच, म्हणून झोतही दोनच. दोन, वेगळा रंग. तिथं द्विरंगी आरसा चालतो, आणि जितके रंग तितके झोत. तिसरी पळवाट कला (लाटेचा टप्पा, फेज) जुळवण्याची. दोन्ही लेझरच्या लाटा एकमेकींशी पावलाला पाऊल लावून चालवायच्या. प्रयोगशाळेत होतं, पण दवाखान्याच्या यंत्रात सहसा कुणी त्या वाटेला जात नाही. लाटेच्या लांबीच्या लहानशा अंशाएवढी थरथरही सगळं विस्कटते.

गप्पच_बरी

मूर्ख प्रश्न असेल, पण लाटा म्हटल्यावर आठवलं. शाळेत शिकलो होतो की दोन लाटा एकमेकींना रद्दही करतात. मग हे दोन लेझर एकत्र सोडल्यावर कुठेतरी शून्य नाही का होणार?

अपवर्तन

प्रश्न चांगला आहे. रद्द होण्यासाठी दोघांची ठेका धरून चाल एकच हवी. ५९५ आणि १०६४ च्या वारंवारितांमध्ये इतका फरक आहे की कुठल्याही बिंदूवर त्यांची भेट सेकंदाला शंभर लाख कोटींहून जास्त वेळा जुळते आणि मोडते. पेशीला त्याची दखलही नाही. तिला फक्त ऊर्जेची बेरीज कळते. शिवाय खूणगाठ यांच्या यंत्रात ते एका वेळी नसतातच.

खडे_बोल

मूत्रमार्गाचा शल्यचिकित्सक. अपवर्तन यांनी एक पळवाट सांगायची ठेवली, आणि आम्ही रोज तीच वापरतो. ती म्हणजे पाळी लावणं.

मुतखडे फोडायला होल्मियम लेझर, २,१०० नॅनोमीटर. स्फटिकाची सळी, बाजूला झगझगता दिवा. सळी तापते, आणि तापली की सेकंदाला फार फटके मारायला लावता येत नाहीत, दम तोडते. मग मोठ्या यंत्रांत एकीऐवजी चार सळ्या बसवतात आणि मधे एक फिरता आरसा. आरसा पहिलीकडे वळतो, फटका. दुसरीकडे वळतो, फटका. चारही झोत आळीपाळीनं प्रकाश वाहून नेणाऱ्या एकाच काचेच्या तंतूच्या तोंडात जातात. प्रत्येक सळीला गार व्हायला चौपट वेळ मिळतो आणि बाहेर मात्र चौपट फटके पडतात. एका क्षणाला झोत एकच असल्यामुळे निसर्गाचा नियमही मोडला जात नाही.

किंमत कुठे मोजावी लागते? चार वाटा तंतोतंत एकीवर एक बसत नाहीत, म्हणून तंतू थोडा जाड लागतो, साधारण २०० मायक्रॉनच्या पुढचा. नेम चुकला तर झोत गाभ्याऐवजी काठावर पडतो आणि तंतूचं तोंड जळतं. आरसेमहाल, तुमचे फोन त्यासाठीच येत असणार. आता थूलियमचा तंतू-लेझर आलाय, १,९४० नॅनोमीटर. त्याचा झोत जन्मतःच इतका बारीक की १५० मायक्रॉनच्या तंतूतही मावतो. वर पाणी त्याला होल्मियमपेक्षा चौपट शोषतं. म्हणजे एका जागी जोडाजोडीची गरजच संपली.

जाता जाता एक सांगतो. खडा पाण्यात असतो, आणि होल्मियमला पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या आत गिळून टाकतं. म्हणून फटक्याचे दोन भाग करतात. पहिला वाफेचा बुडबुडा उठवतो, दुसरा त्या पोकळीतून खड्यापर्यंत जातो. बायबलमधल्या समुद्र दुभंगवणाऱ्या मोझेसचं नाव दिलंय या युक्तीला. त्वचावेध यांच्या डावाचा हा सख्खा भाऊ. पहिल्यानं वाट करायची, दुसऱ्यानं जायचं.

आरसेमहाल

फोन त्यासाठीच येतात. आणि निम्म्या वेळा आरसा शहाणा असतो, तंतूच्या टोकावर बोटाचा ठसा असतो.

पाणिनीचा_शेजारी

अवांतर. 'बीम'ला कुणी किरण म्हणतंय, कुणी झोत. किरण म्हणजे रेषा, तिला जाडी नसते. जाडी असलेल्याला 'शलाका' हा जुना शब्द आहे. 'शलाकासंयोग' म्हणा की.

मिश्किल_मामा

शलाकासंयोग ऐकून पेशंट लेझर न लावताच पळेल.

पाणिनीचा_शेजारी

हलकेच घेतलं. पण 'झोत' पाण्याचाही असतो, नळाचाही असतो.

त्वचावेध

आम्ही पेशंटला 'लाइट' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. 😀

शंकासुर

मूळ मुद्द्याला आणखी एक काडी टाकतो. मेंदूतल्या गाठींसाठी गॅमा नाइफ असतं. लेक्सेल यांनी १९६० च्या दशकात केलेलं. सुमारे दोनशे बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी येतात, प्रत्येक एकटा निरुपद्रवी, सगळे मिळतात तिथं गाठ मरते. लेझरचं असं का करत नाहीत? दहा दिशांनी दहा कमजोर लेझर, मधे एकच बिंदू, वरची त्वचा शाबूत. तुमच्या दोन-तीन रंगांच्या जोडण्यांपेक्षा हे जास्त हुशारीचं नाही का?

अपवर्तन

कल्पना देखणी आहे आणि दृश्य प्रकाशापाशी येऊन मरते. मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरा. अख्खं बोट लालबुंद उजळतं, पण हाडाची सावलीही नीट दिसत नाही. गॅमा किरण सरळ जातात. प्रकाशाचं तसं नाही. त्वचेत तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच कुठल्या तरी कणावर आपटून किंचित वळतो, आणि असं वळत वळत मिलिमीटरभर गेला की कुठून आला हेच विसरतो. दहा दिशांनी पाठवलेले दहा झोत सेंटिमीटरभर खोल गेले की दहा दिशा उरतच नाहीत, नुसतं धुकं उरतं. खोलवर एका बिंदूत भेटायला दिशा शिल्लक हवी ना.

खडे_बोल

बाहेरून जमत नाही, पण आतून जमतं. यकृतातल्या किंवा प्रोस्टेटमधल्या गाठीत अनेक तंतू सुईतून घालतात आणि एकाच वेळी चालू करतात. एकट्या तंतूभोवतीचा कडेचा भाग रक्तानं गार होत राहतो. चार तंतू एकदम चालले की मधल्या भागाला गार व्हायला बाजूच उरत नाही, सगळीकडून उष्णता येते. म्हणून चार वेगवेगळ्या डागांच्या बेरजेपेक्षा एकत्र डाग मोठा होतो. दिशेची गरज नाही, कारण इथं झोत जुळवत नाहीत, ताप जुळवतात.

शंकासुर

मान्य. (हे माझं या धाग्यावरचं पहिलं 'मान्य'. नोंद घ्यावी.)

चाळिशी

आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षांनी भिंगामागचा पडदा धुरकट झाला, तो लेझरनं उघडला. डॉक्टरांनी मला बाजूच्या नळीतून पाहू दिलं. दोन लाल ठिपके होते. डॉक्टर दांडा पुढेमागे करत होत्या, ठिपके जवळ येत, लांब जात. एक झाले की टिक्. पुन्हा दोन, पुन्हा एक, टिक्. मला वाटत होतं की दोन लेझर मिळून काम करताहेत. हा धागा वाचून आता शंका येतेय.

अपवर्तन

काम तिसराच करत होता, १०६४, न दिसणारा. ते दोन ठिपके एकाच लाल झोताचे दोन तुकडे, मुद्दाम तिरपे पाठवलेले. ते फक्त एकाच खोलीवर भेटतात, आणि त्याच खोलीवर खऱ्या लेझरची नाभी. वर लिहिलेली धातूची काडी डोळ्यात घालता येत नाही ना, तिच्या जागी ही युक्ती. खरी नाभी किंचित मागे ठेवतात, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे पडदा फाटतो आणि पुढच्या कृत्रिम भिंगावर खड्डे पडत नाहीत.

चाळिशी

अरे वा. दोन ठिपके एक होणं इतकं सुंदर दिसत होतं की विचारायचं राहूनच गेलं.

सहायिका

बराच वेळ नुसती वाचत होते. चष्म्यांबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते. गोंदण काढायच्या दवाखान्यात होते. एकच यंत्र, १०६४ काळ्या शाईला, ५३२ लाल शाईला. स्फटिक मधे आणला की १०६४ चं ५३२ होतं, पण काही १०६४ तसाच उरतो. काळी शाई संपवून डॉक्टरांनी ५३२ लावलं, चष्मे मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर १०६४ चेच. फिकट, जवळजवळ पारदर्शक, हिरवा प्रकाश आरामात आत येईल असे. मी फ्रेमवरचे आकडे वाचले आणि ओरडले. फटका अजून पडला नव्हता. डॉक्टर दोन मिनिटं गप्प होते, मग नारिंगी चष्मे आले.

चष्म्यावर तरंगलांबीचा पल्ला आणि त्यापुढे घनता लिहिलेली असते. घनता ५ म्हणजे लाखातला एकच भाग आत येणार. पण तो आकडा त्या पल्ल्यापुरताच. दोन लेझरवाल्या यंत्राला दोन्ही पल्ले लिहिलेला चष्मा हवा. रंगावरून ओळखू नका.

त्वचावेध

+१००. हा प्रतिसाद दवाखान्यात चिकटवणार आहे.

खूणगाठ

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व. काल दुसऱ्या खेपेला गेले होते, या वेळी प्रश्न लिहून नेले.

डॉक्टरांना मेथहीमोग्लोबिन म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मधलं अंतर किती, १०६४ चा आकडा किती, दोन्ही दाखवलं. मागच्या तुकड्यावर जांभळट डाग दहा दिवस होता, राखाडी काही नव्हतं. आता तो तुकडा शेजारच्यापेक्षा फिका आहे, फोटोत तरी. मानेच्या खालच्या भागावर त्यांनी १०६४ आणखी कमी केला, तिथं त्वचा पातळ आहे म्हणाल्या. सहायिका, चष्मेही पाहिले. दोन्ही पल्ले होते.

'दोन्ही एकाच जागी पडतात का' असं विचारलं, तर तिथल्या तंत्रज्ञांनी काळा कागद आणला. ५९५ एकटा सोडला, एक पांढुरकं गोल उमटलं. नळी स्टँडला तशीच ठेवून १०६४ सोडला, त्यावर दुसरं गोल. जवळजवळ एकावर एक. उजव्या बाजूला दुसऱ्याची बारीक कोर बाहेर राहिली होती.

आरसेमहाल

कोर म्हणजे किती? आणि गोल केवढं?

खूणगाठ

गोल १० मिलिमीटरचं. कोर नखाच्या पांढऱ्या कडेएवढी, तीही अर्धी.

आरसेमहाल

त्वचेवर चालेल, तिथं गोल एकमेकांवर थोडे चढवतच जातात. स्वरयंत्रावर असतं तर मी यंत्राला हात लावू दिला नसता. लाल ठिपका कुठे होता?

खूणगाठ

पहिल्या गोलाच्या मधोमध. दुसऱ्याच्या नव्हता. तंत्रज्ञांनी कागदावर तारीख घालून तो वहीत चिकटवला.